खिडकी नावाची झाडं

पाणी फार वेळ पडत होतं. अंथरुणात पडल्यापडल्या तिला ते नुसत्या कानांनी कळलं. कोरड्या मातीत पाणी पडतं तेव्हा आधी पोकळ आवाज येतो. माती पीत जाते तसतसा तो दबतो, आणि कुंडीचं पोट भरलं की वर तळं साचून पाणी पाण्यावर वाजायला लागतं. इथे तळं कधीच साचलं होतं आणि तरी धार थांबत नव्हती. शरद ऋतू अर्धा सरला होता. उन्हं तिरपी झाली होती, सकाळी कठड्यावर हात ठेवला की गार लागत होता. या दिवसांत झाडं तहानलेली नसतात. दिवस लहान झाला की त्यांची भूकतहान आपोआप कमी होते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, बावीस वर्षं गच्चीवर एकतीस कुंड्या सांभाळताना कळत गेलं होतं. आणि आता तिच्या कुंड्यांत दुसरंच कोणीतरी पाण्याचा अभिषेक करत होतं. ती उठली. उजवा पाय आधी हाताने पलंगाखाली सोडला, मग डावा टेकवला, आणि भिंत धरून खोलीला लागून, तीन पायऱ्या वर असलेल्या गच्चीच्या दारापर्यंत आली. वन्सं पायात कॅनव्हासचे बूट घालून, डोक्याला पंचा गुंडाळून, लिंबाचं झाड लावलेल्या पिंपात नळी सोडून उभ्या होत्या. कमरेवर हात. तिच्या मनात वाक्य अगदी तयार होतं: बास करा, मुळं कुजतील. तिने तोंड उघडलं.

"खिडकी!"

वन्संनी वळून पाहिलं. मग मुकाट्याने नळी तशीच सोडून आत गेल्या आणि खोलीची खिडकी लावून आल्या. "घे, लावली. गार वारा येतोय खराच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नळी उचलून जास्वंदीकडे वळल्या.

तिचे शब्द गेल्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती भिंगं घासून चौकटीत बसवायची. अठ्ठावीस वर्षं तेच काम. त्या दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा ठेवून ती म्हणायला गेली, खाली बघा, आणि शब्दच येईना. जिभेवर शब्द नव्हता असं नाही. शब्दांची जागाच नव्हती. तिथे गुळगुळीत काहीतरी होतं, नुकत्या घासलेल्या काचेसारखं. मग उजवा हात आपला नसल्यासारखा लोंबला. गिऱ्हाइकाने मालकांना हाक मारली, मालकांनी खुर्ची पुढे केली, एवढं तिला आठवत होतं. इस्पितळात डोळे उघडले तेव्हा मेंदूत गुठळी झाली होती ती विरघळवली आहे, नशीब बलवत्तर म्हणून वाचलात, असं डॉक्टर सांगत होते, आणि तिला सगळं नीट समजत होतं. समजण्याला काहीच झालं नव्हतं. फक्त बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर पडायचा. तो का, दुसरा का नाही, याला उत्तर नव्हतं. पाणी मागायचं तरी खिडकी, दुखतंय म्हणायचं तरी खिडकी. गंमत अशी की एक ते वीस आकडे घडाघडा म्हणता येत होते आणि सोमवार ते रविवारही. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की पाठ झालेलं मेंदूत वेगळ्या फडताळात असतं. तिथली किल्ली हरवलेली नाही.

लेक समुद्रापलीकडे होती आणि तिला सातवा महिना लागला होता. तिला येणं शक्यच नव्हतं. तिने फोनवर रडून आत्याला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी वन्सं एक पिशवी घेऊन इस्पितळाच्या दारात उभ्या राहिल्या. तिने डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग आणायला शब्द लागत नाहीत. नवऱ्याची ही थोरली बहीण. सहासष्ट वर्षांची, शाळेत जन्मभर कवायत शिकवलेली, आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा पोरगा ताठ व्हावा. आठ वर्षांत दोघींमध्ये चार वाक्यं झाली असतील, तीही कोणाच्या तरी लग्नात, जेवलात का, जेवले, अशी. कारण आठ वर्षांपूर्वी नवरा गेला त्या संध्याकाळी, इस्पितळाबाहेरच्या बाकावर, सगळ्यांच्या देखत वन्सं म्हणाल्या होत्या, "डोळ्यांच्या दुकानात बसतेस जन्मभर, आणि घरातलं माणूस पिवळं पडलेलं दिसलं नाही तुला?"

दिसलं होतं. तेच तर होतं. त्याच्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तिने त्याला दुकानातल्या दिव्यासमोर बसवलं, तेव्हा बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यावर पिवळी झाक तिला सगळ्यांत आधी दिसली. तपासण्या तिनेच करायला लावल्या. निकाल आल्यावर दोन दिवसांनी तो म्हणाला, ताईला सांगू नकोस. ती शिट्टी वाजवून सगळं गाव गोळा करील, मला शांतपणे जायचंय. तिने शब्द दिला. पाच महिने तो शब्द पाळला, आणि त्यानंतरही पाळला, कारण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कोणाकडे करायचा? बाकावर ती काही बोलली नाही. मात्र मनातल्या मनात तिने एक भाषण तयार केलं. भिंग घासावं तसं आठ वर्षं ते घासत राहिली. एक कण जास्त नाही, एक कण कमी नाही. कधीतरी वन्सं समोर येतील आणि मी हे म्हणेन. आणि आता वन्सं समोर होत्या, चमच्याने तिला खिमट भरवत होत्या, पदराने हनुवटी पुसत होत्या, आणि भाषण गेलं होतं. राग होता तसाच होता. त्याचे शब्द गेले होते. शब्दांवाचून राग किती दिवस धरता येतो याचा तिला अंदाज नव्हता. तो हातातल्या ओल्या साबणासारखा व्हायला लागला होता आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

झाडांचं मात्र थांबवून चालणार नव्हतं. जरबेऱ्याची पानं खालून पिवळी पडायला लागली, नेच्यांच्या कुंडीला कुबट वास यायला लागला. वन्संना वाटलं पाणी कमी पडतंय. "पोरांसारखंच आहे," त्या म्हणाल्या, "मैदानावर पाणी पाजत राहिलं की पोरं पडत नाहीत," आणि दुसरी बादली आणायला निघाल्या. तिने त्यांचा हात धरला. जमेल तेवढ्या जोराने, डाव्या हाताने. त्यांचं तर्जनीचं बोट ओढून कुंडीच्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं. वन्संनी तोंड वाकडं केलं. बोट बाहेर काढलं, चिखलाने माखलेलं, त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ओलं असलं तर नाही द्यायचं?" तिने मान हलवली. "आणि कोरडं लागलं तरच?" पुन्हा मान. "मग हे आधी सांगायचं नाही का!" आणि आपण काय बोललो हे कळून त्यांनी जीभ चावली.  मग तिला हसू आलं. ओठ एकाच बाजूने वर गेला, पण हसू पुरं होतं. वन्सं आधी बिचकल्या, मग खो खो हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी वन्संनी आपली जुनी शिट्टी दोरीला बांधून तिच्या गळ्यात घातली. एकदा वाजवली की इकडे या, दोनदा वाजवली की थांबा, चुकतंय. तिला आधी अपमान वाटला. मग वन्संनी शेवंतीच्या कुंडीत टाकायला खताची मूठ भरून घेतली आणि तिने दोनदा शिट्टी वाजवली. शाळेत पस्तीस वर्षं शिट्टी वाजवलेली बाई जागच्या जागी ताठ उभी राहिली. त्या सबंध आजारपणात तिला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. तिथून त्यांची शाळा सुरू झाली. ती उलट्या बादलीवर बसायची आणि बोटाने दाखवायची. थंडीच्या तोंडावर खत नाही, झाडाला आता झोपायचंय, त्याला उठवून जेवायला घालू नये. पाणी सकाळी, ऊन आल्यावर. संध्याकाळचं पाणी रात्रभर मुळाशी गार होऊन बसतं. ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. कुंड्या फरशीवरून उचलून विटांवर, आणि सगळ्या मिळून दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, एकमेकींना खेटून, कारण भिंत दिवसभराचं ऊन साठवते. जास्वंद आणि नेचे घरात, उजेडाजवळ, पण तापणाऱ्या शेगडीपासून लांब. आत नेण्याआधी प्रत्येक पान उलटून बघायचं. चष्मा लावून वन्सं पानं उलटत आणि कापसासारखा पांढरा किडा दिसला की साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून काढत. "शाळेत नखं तपासायचे, आता पानं तपासतेय," त्या म्हणत. हळूहळू त्यांना खिडकीतल्या खिडक्या कळायला लागल्या. आखूड म्हटली तर पाणी, लांबवली तर कात्री, नाकात म्हटली तर किडा. "आज काय, मोठ्या खिडकीला ऊन दाखवायचं का?" म्हणत त्या लिंबाचं पिंप ढकलायच्या, आणि ते जागचं हलायचं नाही. एकदा शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी कठड्यावरून विचारलं, ही पिवळी शेवंती कुठून आणली हो? वन्सं शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्या झाडांचं नाव एकच आहे, तुम्हाला हवी ती खिडकी सांगा."

पण उपकाराला एक वजन असतं. दुपारी वन्सं जमिनीवर चटई टाकून लवंडत आणि लगेच घोरू लागत, तेव्हा ती त्यांच्या पावलांकडे पाही. टाचांना भेगा. गुडघ्याला पट्टा. ही बाई आपलं घर बंद करून आली आहे, आपलं अंग पुसते, आपल्या केसांतला गुंता आधी बोटांनी सोडवून मग कंगवा घालते. तिला काय द्यावं लागेल याचं? ते वाक्य परत करावं लागेल का, बाकावरचं? दुखणं सोसता येतं. ज्याच्यावर रागावायचा आपला हक्क आहे त्याचा मऊ हात सोसत नाही. तिला लहानपणीची आई आठवे, ताप आला की कपाळावर हात ठेवणारी आणि बरं वाटलं की त्याच हाताने चापट देणारी. निदान तिथे कुठला हात कशाचा ते कळायचं. मग घोरणं थांबे, वन्सं एक डोळा उघडून विचारत, "काय बघतेस? चहा हवाय?" आणि ती मान हलवे, आणि खरंच चहा हवा असे.

एका शुक्रवारी वाचा शिकवणाऱ्या बाईंबरोबर ती आत चित्रं ओळखत बसली होती. कप, किल्ली, मांजर. कप जवळजवळ आला होता, क पर्यंत. जाताना बाईंनी तिला हात धरून तीन पायऱ्या चढवून गच्चीवर सोडलं. गुलाब नव्हते. म्हणजे होते, वीतभर. सातही कुंड्यांतल्या फांद्या खुंटापर्यंत कापलेल्या, आणि वन्सं कात्री हातात घेऊन घामाघूम, कौतुकाची वाट बघत उभ्या. "एका मासिकात आलंय," त्या म्हणाल्या, "गुलाबाची कडक छाटणी करावी. मी म्हटलं, तुला आश्चर्याचा धक्का देऊ." छाटणी थंडी सरल्यावर करायची असते. आत्ता कापलं तर झाड फसतं, वसंत आला समजून कोवळे लाल कोंब काढतं, आणि पहिल्या कडाक्यात ते जळून जातात, कधीकधी खालपर्यंत. मासिकात ते दुसऱ्या कॉलमात असणार. हे सगळं तिच्या डोक्यात उजेडासारखं स्वच्छ होतं. तिने शिट्टी शोधली, ती आत राहिली होती. जे उसळून आलं ते या आजारपणाचं नव्हतं, आठ वर्षांचं होतं. भरवलेले घास, पुसलेली हनुवटी, बाक, पिवळे डोळे, सगळं एकदम. डाव्या हाताने तिने झारी उचलून भिंतीवर आपटली.

"निघा! निघा माझ्या घरातून!"

शब्द गच्चीवर स्वच्छ, पुरे, वाजून गेले. तिच्याच कानांना ते ओळखीचे वाटले नाहीत. वन्संच्या हातातली कात्री खाली पडली. आता या रडतील, पिशवी भरतील, असं वाटून ती गारठली. वन्सं रडल्याच. पण त्या पुढे आल्या आणि तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदगदा हलवू लागल्या. "बोललीस! अगं, चार शब्द बोललीस! पुन्हा म्हण! अगं पुन्हा हाकल मला!" त्यांनी शेजारच्या गच्चीकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "अहो, हिने मला घराबाहेर काढलं!" मग लेकीला फोन लावला, वाचावाल्या बाईंना लावला, त्या अजून बसथांब्यावरच होत्या. "सबंध वाक्य हो! आणि काय शुद्ध! हाकलतानासुद्धा अहो-जाहो!" ती भिंतीला टेकून उभी होती. लाजेने तिचे कान तापले होते. आपण काठी उगारली आणि समोरच्याने ती फुलाची फांदी म्हणून घेतली, असं कधी कोणाचं झालं असेल का? तिने पुन्हा म्हणून पाहिलं, यावेळी दुसरंच काहीतरी, चुकलं माझं असं काहीतरी, आणि तोंडातून आलं, "खिडकी." वन्संनी डोळे पुसले. "हो गं," त्या म्हणाल्या, "माझंही."

तीन आठवड्यांत गुलाबांना बोटभर लालसर कोंब आले. वन्सं दर सकाळी ते बघून खूश होत आणि मग तिच्या तोंडाकडे बघून दुसऱ्याच कुंडीकडे वळत. तिने त्यांना आता काही दाखवलं नाही. या सुमारास तिचे थोडे शब्द परतायला लागले, ठरवून नव्हे, मांजरं परततात तसे, आपल्या मर्जीने. चहा आला, नको आलं, एकदा भलतंच कडीकोयंडा आलं. डावा हात कुंडीतली पिवळी पानं खुडायला शिकला. वन्संच्या घरून शेजाऱ्यांचे निरोप येत होते, पत्रं साठलीत, नळ गळतोय. "थंडीची पहिली लाट जाऊ दे," वन्सं म्हणाल्या, "मग रविवारी निघते. तुला आता माझी तशी गरज नाही." तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, तिला स्वतःलाच कळलं नाही.

गुरुवारी दुपारी रेडिओवर सांगितलं की पहाटे पारा शून्याखाली जाईल. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या चादरी वन्संनी गच्चीवर आणून टाकल्या. लिंबाचं पिंप हलत नव्हतं, म्हणून त्याभोवती काठ्या रोवायच्या आणि चादर काठ्यांवर, पानांना न टेकेल अशी. टेकली की तिथलं पान जळतं. ती काठी धरायची, वन्सं बांधायच्या. ऊन असून हवेला धार होती. गाठ मारता मारता, तिच्याकडे न बघता, वन्सं म्हणाल्या, "त्याने तुला सांगू नको म्हटलं होतं ना? मला."

तिच्या हातातली काठी कलली.

"सरळ धर. मला कळलं ते. सात वर्षं झाली. त्याचा तो ऑफिसातला मित्र, त्याला तपासणीला घेऊन जायचा तो, एका लग्नात भेटला. म्हणाला, वहिनींनीच आधी ओळखलं, नाहीतर पाच महिनेसुद्धा मिळाले नसते, आणि ताईला कळवायचं नाही ही अट त्याचीच. पंगतीत बसले होते मी. पानावरून तशीच उठले." त्यांनी सुतळी दाताने तोडली. "त्यानंतर किती वेळा तुझ्या दारापर्यंत आले असेन. खरंच. खालच्या वळणावरून परत गेले. तोंड नव्हतं. तू एक शब्द बोलली असतीस तर मी जागेवर मेले असते. मग पोरीचा फोन आला, आईची वाचा गेलीय म्हणून." त्यांनी नाक ओढलं. "देवाशपथ सांगते, पहिलं मनात काय आलं असेल? म्हटलं, आता जाता येईल. आता ती बोलणार नाही."

ती काठी धरून उभी होती. आठ वर्षं घासलेलं भाषण, त्याला आता लावायला चौकटच उरली नव्हती. तिला वाटलं होतं तसं रिकामं वाटेना. उलट कुठून तरी, पाठीमागून, भिंतीत साठलेली ऊब अंगाला लागावी तसं काही लागत होतं. म्हणजे हे कण कण घासण्याचं काम वन्संही करत होत्या, आपल्या घरात, आपल्या दिव्याखाली. नवऱ्याला दिलेला शब्द तिने मोडला नव्हता, आणि तरी तो फिटला होता. तिने चादरीचं टोक डाव्या हाताने त्यांच्याकडे पुढे केलं. वन्संनी ते घेतलं आणि बांधलं. "पुढची खिडकी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

सकाळी वन्संना कणकण होती. घसा धरला होता, दोन पांघरुणांखाली त्या तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. ऊन चढायच्या आत चादरी काढायला हव्यात, नाहीतर आत झाडं उबतात. तिने त्यांना उठवलं नाही. शाल घेतली, भिंत धरली, तीन पायऱ्या एकेक करून चढली. चादरी पापडासारख्या कडक झाल्या होत्या; एका हाताने गाठी सुटेनात, तेव्हा तिने दात लावले. सुतळीला धुराची आणि मातीची चव होती. लिंबू हिरवंगार निघालं. भिंतीलगतच्या कुंड्या सुखरूप होत्या, शेवंतीची मान तेवढी वाकली होती. गुलाबांवर चादरी दुहेरी होत्या, तरी कोंब काळे पडले होते, सातही कुंड्यांत. तिला वाईट वाटायला हवं होतं. ती तिथेच उलट्या बादलीवर बसली. दम लागला होता, दात दुखत होते, आणि तिला जाणवलं की आपण एकटीने चढलो, सोडवलं, बसलो. हा हात, हा दात, हा दम, सगळं आपलं आहे. कोणाचे आभार मानायचे हे ठरवायला बसलं तर दिवस पुरणार नव्हता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे, ज्याने मालकांना हाक मारली. मालकांचे. गुठळी विरघळवणाऱ्याचे. गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या बाईचे.

"एकटी चढलीस? अक्कल आहे का?" वन्सं दारात होत्या, रजई अंगाभोवती लपेटून, नाक लाल. मग त्यांची नजर गुलाबांवर गेली. त्या जवळ आल्या, वाकल्या, एका काळ्या कोंबाला बोट लावलं. तो मऊ, शिजलेल्या भाजीसारखा वाकला. "मारलं मी त्यांना," त्या म्हणाल्या. खिशातून कात्री काढली. "निदान हे मेलेलं तरी काढून टाकते. रविवारच्या आत तेवढं करून जाते."

जळलेलं लगेच कापायचं नसतं. तो काळा कोंबच खालच्या जिवंत डोळ्यावर पांघरूण असतो, सबंध हिवाळा. थंडी सरली की मग बघायचं, कुठवर हिरवं आहे ते. तिने हात लांब करून कात्रीचं पातं धरलं. वन्संनी वर पाहिलं. तिने श्वास घेतला. शब्द कुठल्या फडताळात आहे ते तिला ठाऊक नव्हतं, तिने शोधलाही नाही.

"थांबा," ती म्हणाली.

वन्संनी कात्री मिटली. आधी गुलाबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी सतरंजी झटकत होतं, तिचे फटके भिंतींवर वाजत होते. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

तिने दोन बोटं वर केली. जरा विचार करून तिसरंही.

"महिने?"

तिने होकाराची मान हलवली.

वन्संनी दुसरी बादली ओढली, उलटी केली, आणि रजईचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर टाकून शेजारी बसल्या. "मग त्या नळाचं काहीतरी करायला हवं," त्या म्हणाल्या, "किल्ली शेजारच्यांकडे आहे. सांगते त्यांना फोन करून."